वाचक विचारतात : समाजशास्त्रं, मानव्यविद्या आणि परदेशी पुरस्कार

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी याच विषयावर होती. त्यातली निवडक पत्रं थोडी काटछाट करून देत आहोत.

इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान यांना नोबेल का नाही? अर्थशास्त्राला आहे, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?
— एक निवृत्त शिक्षक, दादर

खरं तर अर्थशास्त्रालाही आल्फ्रेड नोबेल यांनी काही ठेवलं नव्हतं. १८९५ च्या मृत्युपत्रात पाचच पुरस्कार आहेत : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या त्रिशताब्दीनिमित्त १९६८ मध्ये अर्थशास्त्राचा पुरस्कार नोबेल यांच्या स्मरणार्थ सुरू केला आणि १९६९ मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला. समाजशास्त्राच्या पाठीशी अशी बँक उभी राहिली नाही, एवढंच. तरी २००९ मध्ये हाच पुरस्कार एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्राच्या अभ्यासक बाईंना मिळाला. सामायिक जंगलं, पाणी, मासेमारी लोक आपसांत नियम करून कशी सांभाळतात, हा त्यांचा विषय. (२०१९ चे मानकरी अभिजित बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, पण शिक्षण कोलकाता, दिल्ली आणि हार्वर्डचं, तेव्हा आपण फार कॉलर ताठ करू नये.)

नोबेलच्या तोडीचा म्हणून सांगायचा तर नॉर्वेचा होलबर्ग पुरस्कार. नॉर्वेच्या संसदेने तो २००३ मध्ये स्थापन केला. रक्कम ६० लाख नॉर्वेजियन क्रोनर. विषय मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं, कायदा आणि धर्मशास्त्र. २०२२ मध्ये तो कोलकात्यात जन्मलेल्या शीला जॅसनॉफ यांना आणि २०२५ मध्ये गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांना मिळाला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्लूगे पुरस्कार २००८ मध्ये रोमिला थापर यांना पीटर ब्राऊन यांच्यासोबत विभागून मिळाला होता. राज्यशास्त्रासाठी उप्साला विद्यापीठाचं योहान स्किट पारितोषिक आहे. इटली-स्वित्झर्लंडच्या बाल्झान पुरस्काराचे विषय दरवर्षी बदलतात, आणि ७ लाख ५० हजार स्विस फ्रँकपैकी निम्मी रक्कम मानकऱ्याने तरुण संशोधकांना सोबत घेऊन केलेल्या कामावरच खर्च करायची असते. ही अट आम्हाला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

आणि मुंबईचं नाव हवंच असेल तर : मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा. तिथे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली तयार झालेल्या एम. एन. श्रीनिवास यांना लंडनच्या रॉयल अँथ्रपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचं हक्सले स्मृतिपदक १९७६ मध्ये मिळालं.

पीएच.डी. संपत आली आहे. विषय गिरणगाव. आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी अर्ज कधी आणि कुठे करायचा? गाईड म्हणतात, 'आधी व्हायवा होऊ दे.'
— एक संशोधक विद्यार्थिनी, कलिना

गाईडचं ऐका, पण व्हायवा होईपर्यंत करण्यासारखं बरंच आहे.

वर सांगितलेल्या पुरस्कारांना अर्ज नसतो. नाव दुसऱ्याने सुचवायचं असतं आणि तो दुसराही बहुधा विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत पदावर असावा लागतो. अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप तर आणखी पुढे जाते. तिथे नाव सुचवणारे कोण हेच गुप्त असतं, आणि निवड झालेल्याला फोन येईपर्यंत आपला विचार चालू होता याचा पत्ता नसतो. शिवाय मॅकआर्थर सोडली तर हे पुरस्कार वीस-तीस वर्षांच्या कामाचे आहेत. पस्तिशीच्या आत त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

तुमच्यासाठी खुली दारं तीन : प्रबंधाचं पारितोषिक, शोधनिबंधाचं पारितोषिक आणि पहिल्या पुस्तकाचं पारितोषिक. इंग्रजीतल्या प्रबंधांसाठी नेदरलँड्समधल्या लायडनहून चालणाऱ्या आयकास (आशियाच्या अभ्यासकांचं आंतरराष्ट्रीय संमेलन) पारितोषिकात वेगळा विभाग असतो. पुस्तक झाल्यावर अमेरिकेतल्या असोसिएशन फॉर एशियन स्टडीजचं बर्नार्ड कोन पारितोषिक दक्षिण आशियावरच्या पहिल्या पुस्तकासाठी आहे, तर अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचं जॉन रिचर्ड्स पारितोषिक दक्षिण आशियाच्या इतिहासासाठी.

यात माणसं हरतात ती गुणवत्तेपेक्षा कागदपत्रांत. पुस्तक कोणत्या वर्षाचं, हे आतल्या पानावर छापलेल्या कॉपीराइटच्या वर्षावरून ठरतं. डिसेंबरात बाजारात आलेल्या पुस्तकावर पुढचं साल छापलेलं असेल तर ते पुढच्या वर्षाच्या यादीत जातं. भारतीय आवृत्ती आधी आणि परदेशी नंतर निघाली तर बहुतेक ठिकाणी पहिली आवृत्ती धरतात आणि तोवर मुदत उलटलेली असते. म्हणून दोन प्रकाशकांशी करार करताना दोन्ही आवृत्त्या एकाच वर्षात येतील, हे लिहून घ्या. प्रती बहुधा संस्थेच्या कार्यालयात नव्हे, प्रत्येक परीक्षकाच्या पत्त्यावर वेगवेगळ्या जातात. शेवटची तारीख म्हणजे प्रत पोचण्याची तारीख, कुरिअरला दिल्याची नव्हे. कस्टम्समध्ये पाकीट आठवडाभर पडून राहू शकतं, हे धरून महिनाभर आधी पाठवा. पुस्तक पाठवायचं काम बऱ्याच ठिकाणी प्रकाशकाचं असतं, आणि भारतीय प्रकाशक ते आपणहून करेलच असं नाही. हस्तलिखित स्वीकारल्यावर तो लेखकाकडून एक माहितीपत्रक भरून घेतो. त्यात पारितोषिकांचा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका; नाव, अंतिम तारीख, प्रतींची संख्या, पत्ते सगळं तिथेच लिहा. संपादित ग्रंथ यातल्या बहुतेक पारितोषिकांना चालत नाहीत.

आता शिफारसपत्र. आपल्याकडे ते गुणगौरवाच्या भाषणासारखं लिहितात : 'गिरणी कामगारांवर मूलगामी संशोधन, ४० शोधनिबंध, अत्यंत मेहनती आणि मनमिळाऊ.' परीक्षकाला यातून काहीच कळत नाही. समजा, तुमच्या प्रबंधात गिरणी संपानंतर कोकणात परतलेल्या कुटुंबांच्या मनीऑर्डरच्या पावत्या वापरल्या आहेत. मग पत्र असं हवं : '१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाचा अभ्यास आजवर युनियन आणि मालक यांच्या कागदांवरून झाला. या प्रबंधाने गावाकडच्या घरांतल्या पावत्या तारखेनुसार लावल्या आणि संप किती महिने कोणाच्या पैशावर तगला, हे दाखवलं. त्यामुळे संप मुंबईत हरला की गावात, हा प्रश्नच नव्याने मांडावा लागतो.' आधी काय समजलं जात होतं, या कामाने त्यात काय बदललं आणि ते कोणत्या पुराव्यावर, एवढं आलं की पत्र झालं. मनमिळाऊपणा राहू द्या.

एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारातून घेतलेल्या प्रत्येक कागदाचा विभाग, वर्ष आणि खंड क्रमांक आजच नोंदवून ठेवा. पुस्तक करताना 'फाइल कोणती होती?' म्हणून पुन्हा महिनाभर फेऱ्या मारणारे पुष्कळ असतात.

कॉलेजच्या ई-मेलवर 'इंटरनॅशनल बेस्ट रिसर्चर अवॉर्ड'साठी निवड झाल्याचं पत्र आलंय. नोंदणी शुल्क ६,५०० रुपये, समारंभ अंधेरीच्या हॉटेलात. बढतीसाठी उपयोग होईल का?
— एक सहायक प्राध्यापक, विलेपार्ले

नका भरू.

हा बाजार उभा राहिला त्याचं कारण आपल्याच नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीतल्या संशोधन गुणांच्या तक्त्यात आंतरराष्ट्रीय पुरस्काराला ७ आणि राष्ट्रीय पुरस्काराला ५ गुण आहेत. गुण आले की दुकानदार आलेच. पण हे गुण कुठल्याही प्रमाणपत्राला सरसकट मिळत नाहीत. देणारी संस्था कोण, हे छाननी समितीने पाहायचं असतं. समितीत एक जरी खमक्या बाहेरचा तज्ज्ञ असला तरी तो पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि मग त्या एका कागदापायी बाकीच्या फाइलकडेही संशयाने बघतो. नुकसान साडेसहा हजारांपुरतं राहत नाही.

ओळखायचं कसं? शुल्क मागितलं म्हणजे खोटं, इतकं ते सरळ नाही. काही चांगली पुस्तक-पारितोषिकंही प्रवेशशुल्क घेतात. फरक असा की तिथे पैसे परीक्षणाच्या आधी आणि बहुधा प्रकाशक भरतो. इथे तुम्ही 'जिंकल्यावर' तुमच्याकडे मागितले जातात. न पाठवलेल्या कामाची निवड झाली असेल तर ती कशावरून, हे विचारा. परीक्षकांची नावं मागा आणि त्या परीक्षकांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या पुरस्काराचा उल्लेख आहे का, बघा. मागच्या वर्षी एकाच दिवशी ऐंशी जणांना 'बेस्ट' ठरवलं असेल तर हिशेब उघड आहे. संकेतस्थळाचं नाव कधी नोंदवलं, हे 'हू-इज' शोधात फुकट दिसतं. पत्रावर 'गेली २० वर्षं' आणि नोंदणी मागच्या वर्षीची, हे फार वेळा सापडतं. पैसे कोणाच्या खात्यात जाणार, तेही पाहा. व्यक्तीच्या नावावरचा यूपीआय असेल तर पुढे वाचूच नका. 'आयएसओ प्रमाणित' आणि 'एमएसएमई नोंदणीकृत' या शिक्क्यांना भुलू नका. एमएसएमईची नोंदणी वडापावची गाडीही करू शकते, आणि त्या गाडीवर निदान वडापाव तरी मिळतो.

मराठीत लिहिलेल्या संशोधनाला बाहेर काही स्थान आहे का, की इंग्रजीत लिहिलं तरच?
— एक लेखक, मुलुंड

थेट मराठी ग्रंथ घेणारं मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक दाखवता येणार नाही. आयकासमध्ये इंग्रजीखेरीज चिनी, जपानी, कोरियन पुस्तकांसाठीही विभाग असतात, मराठीचा नाही.

पण मराठी साधनांवर उभं राहिलेलं काम मात्र थेट वरपर्यंत गेलेलं आहे. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक यांचं तमाशा आणि दलित कलावंत स्त्रियांवरचं इंग्रजी पुस्तक २०२२ मध्ये स्टॅनफर्डने काढलं. त्याला वर उल्लेख केलेलं जॉन रिचर्ड्स पारितोषिक मिळालं आणि २०२४ मध्ये पाईक यांना मॅकआर्थर फेलोशिप : पाच वर्षांत ८ लाख डॉलर, खर्चाचा हिशेब न मागता.

तुमचं पुस्तक मराठीत तयार असेल तर अख्ख्या पुस्तकाचं भाषांतर करायला घेऊ नका. त्यातलं सर्वांत नवं प्रकरण निवडा आणि त्याचा इंग्रजी शोधनिबंध करा. मुंबईहूनच निघणारं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली मोठ्या लेखासाठी टिपा धरून ८,००० शब्दांची मर्यादा ठेवतं. तेवढ्यात बसवून पाहा. अडचण भाषेची कमी, सवयीची जास्त येते. मराठी ग्रंथात लोकहितवादी, सत्यशोधक, बलुतं हे वाचकाला ठाऊक आहे असं धरून आपण लिहितो. इंग्रजीत प्रत्येकाला एक-दोन वाक्यांची ओळख लागते. 'वतन', 'गावकुसाबाहेर' असे शब्द मूळ ठेवून पहिल्यांदा येतील तिथे उलगडा. आणि तळटिपा! आपल्याकडे 'फुले म्हणतात' एवढ्यावर भागतं. आवृत्ती आणि पृष्ठ क्रमांक नसेल तर बाहेरचा तज्ज्ञ लेख परत पाठवतो, आणि बरोबर करतो.

दक्षिण आशियाई भाषांतून इंग्रजीत आणलेल्या पुस्तकांसाठी असोसिएशन फॉर एशियन स्टडीजचं ए. के. रामानुजन यांच्या नावाचं पारितोषिक आहे. ते अनुवादकाचं काम पाहून दिलं जातं, त्यामुळे अनुवादक शोधताना ओळखीपेक्षा इंग्रजी बघा.

पुरस्काराची रक्कम करमुक्त असते ना?
— एक वाचक, गोरेगाव

आपोआप नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या पुरस्कारांनाच माफी असते. १९६१ च्या कायद्यात ती कलम १०(१७ए) खाली होती. बाकीची रक्कम उत्पन्नात धरली जाते. अमेरिकेतून आलेल्या बक्षिसावर तिकडेच ३० टक्क्यांपर्यंत कर कापला जाऊ शकतो. त्याचा दाखला मागून घ्या, म्हणजे इथे वजावट मागता येते. सरकारी नोकरीत असाल तर रक्कम स्वीकारण्याआधी लेखी परवानगी घ्या. विवरणपत्र भरण्यापूर्वी सीएला दाखवाच.

आमच्या भागात एका समाजसेवकांचा फ्लेक्स लागलाय : 'नोबेलसाठी नामांकित.' हे खरं असू शकतं?
— एक वाचक, बोरिवली

असू शकतं, आणि तरी त्याला फारसा अर्थ नाही. नामांकनं नोबेल समित्या ५० वर्षं उघड करत नाहीत, म्हणजे फ्लेक्सवरचा मजकूर पडताळायला बरीच वाट पाहावी लागेल. अर्थशास्त्रासाठी स्वीडनच्या विज्ञान अकादमीने बोलावलेल्यांनाच नाव सुचवता येतं. शांतता पुरस्कारासाठी मात्र जगभरचे खासदार, मंत्री, तसेच इतिहास, सामाजिक शास्त्रं, कायदा, तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचे विद्यापीठीय प्राध्यापक नाव पाठवू शकतात. कलिना कॅम्पसमधल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी मनात आणलं तर ३१ जानेवारीच्या आत ते तुमचंही नाव पाठवू शकतात. स्वतःचं तेवढं चालत नाही.