'मानो आ मानो' म्हणजे हातात हात?

प्रश्न असा आहे: अर्जेंटिनाचा गायक कार्लोस गार्देल याच्या एका टँगो गाण्यात 'मानो आ मानो एमोस केदादो' असे स्पॅनिश शब्द येतात. त्यांचं भाषांतर 'आपण हातात हात घालून राहिलो' असं वाचलं, ते बरोबर का? शिवाय सोडून गेलेल्या बाईला गाण्यातला माणूस क्षमा करतो, तर मराठीत 'क्षमा' म्हणावं की 'माफी'?

हातात हात मुळीच नाही. 'मानो' म्हणजे हात हे खरं, पण 'केदार मानो आ मानो' म्हणजे देणंघेणं संपणं. आपल्याकडे त्याला आयता शब्द आहे, फिट्टंफाट. 'आपली फिट्टंफाट झाली.' शब्द पोरकट वाटेल, गल्लीतला वाटेल. वाटू दे. सेलेदोनिओ फ्लोरेसने हे गाणं लिहिलंय तेच लुनफार्दोत, म्हणजे ब्यूनोस आयर्सच्या रस्त्यावरच्या बोलीत. गार्देलने ते १९२३ साली ध्वनिमुद्रित केलं. तिथे तत्सम शब्द घातले की प्रियकर एकदम कीर्तनकार वाटायला लागतो.

त्याच कडव्यात तो पुढे म्हणतो की तुझे उपकार मी फेडलेत, आणि चुकून एखादी बारीकशी उधारी राहिली असेल तर ती तुझ्या 'ओतारिओ'च्या खात्यावर मांड. ओतारिओ म्हणजे ज्याला सहज लुबाडता येतं असा भोळसट पैसेवाला. आपण त्याला बकरा म्हणतो. 'बकऱ्याच्या खात्यावर मांड.' अख्खं कडवं असं वाण्याच्या वहीतलं आहे.

आता क्षमा. तिच्या मुळाशी 'क्षम्', म्हणजे सोसणं. म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. क्षमा करणारा नेहमी एक पायरी वर उभा असतो. 'माफ' अरबीतून आला आणि आपण तो सारा, फी, कर्ज यांना लावत आलो. स्पॅनिशमधलं 'पेर्दोनार'ही माणसाला चालतं तसं कर्जालाही चालतं. तेव्हा दोहोंतून निवडायचंच तर माफी. पण गंमत अशी की या गाण्यात 'पेर्दोनार' एकदाही येत नाही! तू काय केलंस, काय करतेस, काय करशील, मला फरक पडत नाही, एवढंच तो म्हणतो. आणि शेवटच्या कडव्यात स्वतःच वही परत उघडतो: उद्या तू सांधे निखळलेलं जुनं फर्निचर होशील, तेव्हा या मित्राची आठवण कर, तो तुझ्यासाठी जिवावर उदार होईल. फिट्टंफाट झालेला माणूस असं बोलत नाही. भाषांतरात 'क्षमा' घातली तर हिशोब मिटल्याचा हा डाव आधीच फुटतो.

याच्या उलट्या टोकाचं गाणं हवं असेल तर १९३२ सालचं 'रेन्कोर' ऐका. रेन्कोर म्हणजे मनात धरून ठेवलेला जुना राग. त्यातला माणूस आपल्या जुन्या रेन्कोरशीच बोलतो आणि शेवटी कबूल करतो की तू प्रेमच निघशील अशी मला भीती वाटते. रेन्कोरचं मूळ लॅटिनमध्ये खवटपणात आहे, खोबरं खवट होतं तसं मनात काहीतरी पडून खवट झालेलं. अर्थाने सर्वांत जवळचा शब्द 'डूख'. पण गायला बसलात तर अडेल, कारण 'रेन्कोर'चा जोर शेवटावर आहे आणि डूख एका फटक्यात संपतो. मी तिथे 'अढी' घेईन, अर्थ थोडा सौम्य झाला तरी.