मास्तरांनी हिंदुरावांची दारू का घेतली?

प्रश्न : नुकताच ‘सामना’ हा चित्रपट पाहिला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलांच्या वाड्यावर राहायचं, त्यांचीच दारू प्यायची आणि वर त्यांनाच ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ म्हणून विचारायचं, हे मास्तरांना शोभतं का? मला ते ढोंग वाटलं.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुम्हाला जे खटकलं, त्याच्यावरच विजय तेंडुलकरांनी ही पटकथा उभी केली आहे. डॉ. श्रीराम लागूंनी रंगवलेले मास्तर निर्व्यसनी, ताठ मानेचे असते, तर हिंदुरावांनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलंच नसतं. दारूपायी रस्त्यावर आलेला माणूस घरी ठेवायला कसली भीती? आपल्या ताटात जेवला की झाला मिंधा! हिंदुराव झालेले निळूभाऊ फुले हे आवाज न चढवता दाखवतात. अख्खं गाव हिंदुरावांनी असंच बांधलेलं आहे. कुणाला नोकरी, कुणाला कर्ज. म्हणून गावातून नाहीशा झालेल्या मारुतीचं नाव निघालं की सगळे खाली बघतात. पुन्हा पाहाल तेव्हा मास्तरांपेक्षा त्या माणसांचे चेहरे बघा.

जब्बार पटेलांचा हा पहिलाच चित्रपट. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. आम्ही मात्र तो जत्रेतल्या तंबूत पाहिला. मी सहावीत होते. माझे वडील एका साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. खेळ सुटल्यावर घरापर्यंत ते बॅटरी धरून पुढे चालत राहिले, एक शब्द बोलले नाहीत. आईनं वाढलेली भाकरीही तशीच राहिली. मला वाटलं, त्यांना सिनेमा आवडला नाही.

त्याचं कारण मला नोकरी लागल्यावर कळलं. उसाच्या प्रत्येक गाडीमागे काटा मारायचा, असा त्यांना तोंडी हुकूम होता. तक्रार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला ‘काटा बरोबर आहे’ असं सांगायचं कामही त्यांचंच. आमच्या फिया, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्याच पगारातून झालं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मास्तरांनी पाटलाचं खाऊनसुद्धा विचारलं. मी सव्वीस वर्षं खाल्लं आणि एकदाही विचारलं नाही.”

ते ऐकल्यापासून मला मास्तर ढोंगी म्हणवत नाहीत.