मोडू नकोस

चि. बाळा,

काल तलावपाळीवर भेटलास आणि जाता जाता म्हणालास, "काकू, नोकरी सोडतोय. चार-सहा महिने फिरणार. पीएफ काढून घेतो, एक लाख तीस हजार नुसते पडून आहेत." तू रिक्षात बसून गेलास, मला मात्र रात्री झोप लागली नाही.

पडून नाहीत रे ते. मोडू नकोस.

१९९६ साली धाकटा बालवाडीत गेला आणि मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. २००३ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, नोकरी सोडली. क्लार्कने दोन फॉर्म पुढे केले, पीएफ काढायचा एकोणीस नंबर आणि पेन्शनचे पैसे काढायचा दहा-सी. सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. मी सह्या करून मोकळी झाले. त्याच दहा-सीवर पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, म्हणजे झालेली वर्षं पेन्शनसाठी धरली जातात, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ४१ हजार हातात आले. औषधांना लागले, असं मी सगळ्यांना सांगत आले. लागलेही. पण त्यातच फ्रीज आणि सोफाही आला, हे फक्त तुला सांगतेय.

२००७ ला रबाळ्याला लागले, २०१५ ला सोडलं, पुन्हा तेच फॉर्म. सात आणि आठ, पंधरा वर्षं झाली. पेन्शनला दहा लागतात. तुकडे केल्यामुळे दहा कुठेच भरली नाहीत. गेल्या वर्षी मला ५८ पूर्ण झाली आणि पेन्शन म्हणून एक रुपया येत नाही. किमान पेन्शन महिना हजार रुपये, तू म्हणशील त्यात काय येतं. मुलाकडे सिलिंडरचे पैसे मागताना ते हजार केवढे वाटतात, मला विचार.

मी तरी काय करणार होते? घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, पगार एकट्या यांचा. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण सर्टिफिकेट मागायला पैसे पडत नव्हते.

तुझं बघ. तू २४ चा. आठ टक्क्यांनी पैसा साधारण नऊ वर्षांत दुप्पट होतो, आणि मी नोकरीला लागल्यापासून पीएफचं व्याज आठच्या खाली गेलेलं नाही. हाच दर राहिला तर साठीपर्यंत चार वेळा दुप्पट, म्हणजे या एक लाख तीस हजारांचे वीस लाखांवर. नोकरीची पाच वर्षं व्हायच्या आत काढलेस तर कर वेगळा. नव्या नोकरीत खातं वळवलंस तर तुझी इथली अडीच वर्षं त्या पाचांत धरली जातात.

"मार्केटमध्ये टाकीन" म्हणालास. टाक ना! पगारातून टाक, हे मोडून नको. आणि 'तिशीनंतर बघू' हे माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस, आमच्या घरात ते फार ऐकलंय.

फिरायला जरूर जा. कमी पडले तर दहा-पंधरा हजार मी देते. पण मोडू नकोस.

रविवारी जेवायला ये, लॅपटॉप घेऊन. आधारला जोडलेला मोबाईल बरोबर असू दे, ओटीपी त्यावर येतो. तुझं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळतेय ना ते आधी बघू, नाहीतर पुढे ट्रान्सफर तिथेच अडकतं.

तुझी,
काकू