वाचकांचे प्रश्न : ब्रिटनच्या राजांची यादी कुठून सुरू करावी?

प्रश्न : मराठी विकिपीडियावर ब्रिटनच्या राजा-राण्यांची यादी सुधारायला घेतली आहे. एका पुस्तकात सुरुवात १०६६ मध्ये इंग्लंडचा राजा झालेल्या विल्यमपासून, दुसऱ्यात पहिल्या जेम्सपासून, तिसऱ्यात राणी ॲनपासून आहे. पहिल्या जॉर्जचा मृत्यूही कुठे ११ जून, तर कुठे २२ जून १७२७ असा दिला आहे. काय धरावे?

उत्तर : आधी शीर्षक पक्के करा, पहिली ओळ त्यावरून ठरते. 'ब्रिटनचे राजे' म्हणायचे असेल तर यादी १ मे १७०७ ला सुरू होते, कारण त्या दिवशी इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन राज्ये कायद्याने एक झाली. ॲन ८ मार्च १७०२ पासून गादीवर होती, पण दोन वेगळ्या राज्यांची राणी म्हणून. ती पाच वर्षे टिपेत द्या. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचा पहिला जेम्स झाला, तरी राज्ये दोन आणि संसदाही दोनच राहिल्या. त्याची जागा त्या-त्या राज्याच्या वेगळ्या यादीत. मुंबई आंदणात मिळालेला दुसरा चार्ल्सही ब्रिटनचा राजा नव्हे. तो इंग्लंडच्या यादीत आणि स्कॉटलंडच्याही. तिसऱ्या जॉर्जची ओळ मात्र तोडू नका. १ जानेवारी १८०१ ला आयर्लंड जोडले गेले आणि राज्याचे नाव बदलले, राजा तोच राहिला.

तारखांचे म्हणाल तर ११ जून आणि २२ जून हा एकच दिवस आहे. पहिला जॉर्ज वारला जर्मनीत, ओस्नाब्रुकला. तिथे नवी दिनदर्शिका चालू होती, इंग्लंडमध्ये जुनीच, ११ दिवस मागे. इंग्लंडने बदल केला तो १७५२ मध्ये. तिथे २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. तोपर्यंतच्या सगळ्या तारखा जुन्या पद्धतीने ठेवा आणि यादीच्या वर एकदाच तसे लिहा. एखाद्याने फक्त पहिल्या जॉर्जची अखेर २२ जून केली आणि दुसऱ्या जॉर्जचा आरंभ ११ जूनच ठेवला, तर ११ दिवस दोन राजे गादीवर दिसतात. सरसकट ११ दिवस वाढवणेही चूक, कारण सतराव्या शतकात फरक १० दिवसांचा होता. शिवाय १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून ॲनच्या राज्यारोहणाचे साल जुन्या कागदांत १७०१ आढळते. वर्ष १ जानेवारीपासूनच मोजा.

प्रश्न : कारकीर्द राज्याभिषेकापासून मोजावी का?

उत्तर : नाही. शिवशक राज्याभिषेकापासून सुरू होतो, त्यामुळे आपल्याकडे ही गल्लत सहज होते. ब्रिटनमध्ये आधीचा राजा गेला त्याच क्षणी पुढचा राजा होतो. व्हिक्टोरिया २० जून १८३७ ला राणी झाली, अभिषेक २८ जून १८३८ ला. आठव्या एडवर्डला अभिषेक झालाच नाही, तरी २० जानेवारी ते ११ डिसेंबर १९३६ हे ३२६ दिवस तो राजा होता. त्याने त्यागपत्रावर सही केली १० डिसेंबरला, पण ते कायद्याने लागू झाले ११ ला. अभिषेकाचा रकाना वेगळा ठेवा.

प्रश्न : भारताच्या सम्राटपदाची अखेर १५ ऑगस्ट १९४७ लिहावी ना?

उत्तर : सहाव्या जॉर्जने ती पदवी सोडल्याची घोषणा २२ जून १९४८ ची आहे. आणि २६ जानेवारी १९५० पर्यंत तो भारताचा राजा होताच. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या द्या.

प्रश्न : तक्ता नावावर लावला की जॉर्ज उलटेसुलटे होतात.

उत्तर : संगणक अक्षरे पाहतो, त्यामुळे चौथा, तिसरा, दुसरा, पहिला, पाचवा, सहावा असा क्रम लागतो. नावाच्या प्रत्येक चौकटीत 'डेटा-सॉर्ट-व्हॅल्यू' (data-sort-value, म्हणजे क्रम कशावरून लावायचा हे संगणकाला सांगणारी खूण) घालून तिथे 'जॉर्ज ०१', 'जॉर्ज ०२' असे लिहा. वाचकाला ते दिसत नाही. तारखांना हीच युक्ती, पण आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, नाहीतर १ ऑगस्ट १७१४ च्या आधी १ मे १७०७ येईलच याची खात्री नाही.