लिनक्सवर आवाज गेला, पण गेला कुठे?

या वेळी एकाच दुखण्याची चार पत्रं आलीत म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. कमांड मी इथे जशा बोलतो तशा देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या इंग्रजीत आणि सगळ्या स्मॉल अक्षरांत करायच्या.

प्रश्न : नमस्कार सर, डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २२ आहे, कधी काही तक्रार नव्हती. मागच्या आठवड्यात जुना मॉनिटर गेला म्हणून नवीन घेतला, एचडीएमआय केबलने जोडला आणि त्याच दिवसापासून आवाज बंद. पाव्हूकंट्रोल (आवाज कुठे जायचा ते ठरवायचा प्रोग्राम) उघडून बघितलं तर व्हिडिओ लावला की त्यातली पट्टी मस्त नाचते, पण स्पीकर मुके. नेटवर सापडलेल्या पंधरा-वीस कमांड मारल्या, आवाज सांभाळणारं पल्सऑडिओ नव्याने इन्स्टॉल केलं, शेवटी वैतागून सगळं फॉरमॅट मारलं. तरी तेच. स्पीकर मोबाइलला लावले तर वाजतात. साउंड कार्ड उडालं असेल का, नवीन घेऊ का?

उत्तर : थांबा, कार्ड घेऊ नका. तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की अर्धं काम तिथेच झालंय. एक म्हणजे पट्टी नाचते. याचा अर्थ ब्राउझर आवाज सोडतोय, सिस्टीम तो घेतेय आणि पुढे कुठेतरी पाठवतेय सुद्धा. दुसरं, 'त्याच दिवसापासून'. नवा मॉनिटर आणि मुके स्पीकर एकाच दिवशी आले तर मी तरी त्याला योगायोग म्हणणार नाही.

एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. आणि गंमत अशी की कितीतरी मॉनिटरना स्वतःचे स्पीकर नसतात पण मागे हेडफोनचं भोक असतं, त्यामुळे ते कॉम्प्युटरला बिनधास्त सांगतात की मला आवाज चालतो, पाठव. तुमचे व्हिडिओ बहुतेक आठवडाभर व्यवस्थित वाजतायत, फक्त त्या मागच्या भोकात, जिथे काहीच लावलेलं नाही. खात्री करायची तर तिथे हेडफोन घालून बघा. फॉरमॅट मारून काही झालं नाही ते पण यामुळेच, नवी सिस्टीम उठली तेव्हा केबल होती तिथेच होती. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय.

आता पाव्हूकंट्रोल परत उघडा. 'आउटपुट डिव्हायसेस' टॅबमध्ये तुम्हाला एचडीएमआयवाला आणि 'ॲनालॉग' नावाचा, म्हणजे तुमच्या स्पीकरचा, असे दोन दिसायला हवेत. ॲनालॉगवाल्यासमोरचं बरोबरच्या खुणेचं बटण दाबा, तो कायमचा मुख्य झाला. एवढ्यावर थांबू नका, 'प्लेबॅक' टॅबमध्ये जा, व्हिडिओ चालू असतानाच जा कारण बंद असेल तर ब्राउझर यादीत येतच नाही, आणि ब्राउझरच्या नावासमोर आवाज कुठे जातोय ते बघा. प्रत्येक प्रोग्रामचं दार वेगळं लक्षात ठेवलं जातं, म्हणून कधीकधी घंटी वाजते पण ब्राउझर गप्प, असला विचित्र प्रकार होतो. मॉनिटरमधून आवाज कधीच नको असेल तर 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये ग्राफिक्स कार्डाचा आवाज वेगळा दिसतोय का बघा, दिसत असेल तर त्याचं प्रोफाइल सरळ 'ऑफ' करा. एकाच कार्डाखाली दोन्ही असतील तर मात्र ऑफ करू नका, नाहीतर स्पीकर पण जातील, तिथे 'ॲनालॉग स्टिरिओ'वालं प्रोफाइल निवडा.

आणि हो, कॅबिनेटच्या मागे स्पीकरची पिन हिरव्या भोकात आहे ना? मॉनिटर बदलताना टेबल ओढलं जातं, पिन निघते, आपण अंदाजाने परत खुपसतो आणि ती गुलाबी भोकात, म्हणजे माइकमध्ये जाते. हसू नका, मी हे केलंय, आणि तासभर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, डोकं घालून बसल्यावर सापडलंय.

एवढं करूनही शांतताच असेल तर अल्सामिक्सर. टर्मिनलमध्ये एवढंच टाइप करून एंटर मारा, उभ्या पट्ट्यांची स्क्रीन येते. इथे निम्मे लोक फसतात, कारण पहिल्यांदा फक्त एक 'मास्टर' पट्टी दिसते, ती शंभरवर असते, आणि माणूस म्हणतो सगळं ठीक आहे. ते खरं कार्ड नाहीच, वरचा मुखवटा आहे. एफ-६ दाबा, कार्डांची यादी येईल, त्यातलं तुमचं खरं कार्ड निवडा, मग मास्टर, पीसीएम, हेडफोन, फ्रंट, लाइन आउट अशी सगळी रांग दिसेल. ज्या पट्टीच्या बुडाशी 'एम एम' आहे ती म्यूट. बाणाच्या बटणांनी तिच्यावर जायचं, एम दाबायचं, एम एम जाऊन दोन शून्यं आली की सुटली, मग वरच्या बाणाने आवाज वाढवायचा. एस्केप दाबून बाहेर.

शेवटी तुमच्या त्या पंधरा-वीस कमांडबद्दल. नेटवरच्या सल्ल्याचं साल बघत जा हो. लिनक्समध्ये सगळ्यात खाली अल्सा असतं, ते कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, राहून कार्डाशी बोलतं, ते बदललेलं नाही. पण त्याच्यावर बसून कुणाचा आवाज कुठे जायचा हे ठरवणारा मधला थर बदललाय. फेडोरा, उबुंटू या मिंटसारख्याच लिनक्सच्या जाती. फेडोराने २००७ मध्ये आणि उबुंटूने २००८ मध्ये हा मधला थर म्हणून पल्सऑडिओ आणलं तेव्हा त्याने लोकांना इतका ताप दिला की 'आधी पल्सऑडिओ उडवा' हा तेव्हाचा ठरलेला सल्ला होता आणि तो अजून पहिल्या पानावर सापडतो. पुढे फेडोरा ३४ मध्ये, म्हणजे २०२१ ला, त्याच्या जागी पाइपवायर आलं, उबुंटूने २२.१० पासून घेतलं, आणि तुमच्या मिंट २२ मध्ये पण तेच आहे. म्हणजे तुम्ही जे नव्याने इन्स्टॉल केलंत ते तिथे राहायलाच नव्हतं, पाहुणा आणून घरात भांडण लावलंत, फॉरमॅटने निदान तेवढं तरी मिटलं. तुमच्याकडे काय चालू आहे ते कळायला 'पॅक्टल इन्फो' (पी-ए-सी-टी-एल, स्पेस, इन्फो) मारा, 'सर्व्हर नेम' या ओळीत पल्सऑडिओच्या पुढे 'ऑन पाइपवायर' दिसलं तर पाइपवायर.

मी स्वतः एकदा तो जुना सल्ला ऐकून पल्सऑडिओ काढायला गेलो होतो. पॅकेज मॅनेजरने बरोबर काय काय जाईल त्याची लांबलचक यादी दाखवली, मी न वाचता वाय दाबलं, आणि त्या यादीत अख्खा डेस्कटॉप होता. रीस्टार्ट केल्यावर काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ. आवाजाची कटकट मात्र तेव्हापुरती मिटली.

प्रश्न : दादा, नवीन लॅपटॉप घेतला आणि त्यावर डेबियन १२ टाकलं, वायफाय टचपॅड सगळं चालतंय पण आवाजाच्या सेटिंगमध्ये फक्त 'डमी आउटपुट' दिसतंय. विंडोजमध्ये आवाज होता. हा डमी कोण?

उत्तर : डमी म्हणजे खुर्चीवर ठेवलेला रुमाल. मधला थर चालू आहे पण खालून त्याला एकही कार्ड मिळालं नाही, म्हणून प्रोग्राम अडकू नयेत यासाठी तो एक खोटं आउटपुट दाखवतो. त्यामुळे पाव्हूकंट्रोलमध्ये कितीही खुडबूड केलीत तरी काही निघणार नाही, दुखणं खाली आहे.

आधी 'एप्ले' लिहा, एक स्पेस, मायनस, आणि त्याला चिकटून एल. हा एल आहे, एक आकडा नाही, यात लोक हमखास चुकतात. उत्तरात एकही साउंड कार्ड सापडलं नाही अशी ओळ आली तर मग 'सुडो डीमेसेज' (दुसरा शब्द डी-एम-ई-एस-जी) मारून कर्नलचा लॉग काढा आणि त्यात 'सॉफ' (एस-ओ-एफ) हा शब्द शोधा. बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये आवाजाचं काम एका छोट्या वेगळ्या प्रोसेसरकडे असतं, लॅपटॉपच्या झाकणातले डिजिटल माइक पण त्यालाच जोडलेले असतात, आणि तो चालू व्हायला त्याच्यात दर वेळी फर्मवेअर, म्हणजे त्याचा स्वतःचा छोटा प्रोग्राम, भरावं लागतं. त्या फर्मवेअरचं नाव साउंड ओपन फर्मवेअर, थोडक्यात सॉफ. फाइल नसेल तर लॉग स्वतःच कबूल करतो, सॉफची फर्मवेअर फाइल मिसिंग आहे म्हणून. नाव ओपन आहे खरं, पण बऱ्याच लॅपटॉपवर फक्त इंटेलने सही केलेली फाइलच चालते, म्हणून डेबियनमध्ये ते पॅकेज 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड' या नावाने मोफत-नसलेल्या फर्मवेअरच्या विभागात ठेवलंय. तो विभाग, जिथून पॅकेज येतात त्या सोर्सेसच्या यादीत चालू आहे का बघा, पॅकेज टाका, आणि मग रीस्टार्ट नाही, पूर्ण शटडाउन करून परत चालू करा. फेडोरात याच पॅकेजचं नाव 'अल्सा-सॉफ-फर्मवेअर', आर्च लिनक्समध्ये नुसतं 'सॉफ-फर्मवेअर'.

लॉगमध्ये असलं काही नसेल तर दुसरी शक्यता ही की लॅपटॉप तुमच्या कर्नलपेक्षा नवा आहे. डेबियन १२ मध्ये ६.१ कर्नल येतं, ते २०२२ च्या डिसेंबरचं आहे, त्यानंतर बाजारात आलेलं कार्ड त्याला कुठून ओळखू येणार. पेनड्राइव्हवर एखाद्या ताज्या डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सच्या जातीचं, लाइव्ह घ्या, इन्स्टॉल न करता नुसतं बूट करून एक गाणं वाजवा. वाजलं तर हार्डवेअर धडधाकट आहे, डेबियनच्या बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या डेबियनसाठी बनवलेल्या नव्या पॅकेजमधून, नवं कर्नल घ्या. तिथेही डमीच दिसला तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) ऑडिओ बंद तर नाही ना ते बघा.

प्रश्न : माझं वय साठीच्या पुढचं आहे, मुलाने लॅपटॉपवर उबुंटू टाकून दिलंय आणि तो परगावी असतो. हेडफोन लावले की भजनं छान ऐकू येतात, काढले की लॅपटॉप गप्प. त्याला फोनवर विचारलं तर म्हणतो ड्रायव्हर गेला असेल, आलो की बघतो.

उत्तर : ताई, मुलाला सांगा ड्रायव्हर जागेवर आहे. हेडफोनमधून ऐकू येतंय म्हणजे ड्रायव्हर, कार्ड, सगळं ठणठणीत, फक्त शेवटचा हातभर रस्ता अडलाय. लॅपटॉपला वाटतंय की हेडफोन अजून लावलेलेच आहेत. त्या भोकात एक बारीक पत्री असते, पिन आत गेली की ती दाबली जाते आणि स्पीकर बंद होतात, आत कचरा बसला किंवा ती पत्री वाकडी झाली की ती दाबलेलीच राहते. हेडफोन काढलेले असताना सेटिंगमधल्या आवाजाच्या पानावर 'हेडफोन्स' दिसतंय का बघा. दिसत असेल तर लॅपटॉप बंद करून पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, भोकात फुंकर मारा. सुई वगैरे घालू नका. पुष्कळदा एवढ्यावर काम होतं.

नाही झालं तर वर पहिल्या उत्तरात अल्सामिक्सर सांगितलंय ते करा, लॅपटॉपवर एफ-६ साठी बरोबर एफएन बटण पण दाबावं लागेल कदाचित. तिथे 'स्पीकर' पट्टीखाली एम एम असेल तर काढा, आणि उजवीकडे सरकत शेवटाला गेलात की बऱ्याच लॅपटॉपवर 'ऑटो-म्यूट' नावाची एक चौकट असते, ती वरच्या-खालच्या बाणाने 'डिसेबल्ड' करा. मग हेडफोन आणि स्पीकर दोन्ही एकदम वाजतील, ते चालवून घ्या, मुलगा आला की भोक दुरुस्त करून आणेल.

प्रश्न : आवाज जात नाही पण गाणं सुरू करताना पहिला शब्द खाल्ला जातो, मधेच 'टक्' असा आवाज पण येतो. फेडोरा आहे. कार्ड जायला लागलंय का?

उत्तर : नाही, झोपतंय. काही वाजत नसेल तर पाइपवायर ५ सेकंदांनी आउटपुट थांबवतं, आणि त्याखाली कर्नल पण वीज वाचवायला कार्डाची चिप बंद करतं. टक् होतो तो चिप झोपताना-उठताना, आणि ती उठेपर्यंत पहिला शब्द निघून गेलेला असतो. पाच मिनिटं सलग काहीतरी वाजत ठेवा, त्या वेळात टक् नाही आला तर हेच आहे असं समजा. उपाय म्हणजे 'एसएनडी-एचडीए-इंटेल' या कर्नलच्या ड्रायव्हर मॉड्यूलचं 'पॉवर सेव्ह' शून्य करायचं, आणि पाइपवायरचा कारभार बघणाऱ्या वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये सस्पेंडचा टाइमआउट शून्य करायचा. पहिलं करून बघा आधी, बऱ्याचदा दुसऱ्याची गरजच पडत नाही. बॅटरी वाचवणारं टीएलपी टाकलेलं असेल तर पॉवर सेव्हची सेटिंग त्याच्या फाइलमध्येच बदला, नाहीतर तुम्ही शून्य कराल आणि ते चार्जर काढला की परत एक करून ठेवेल. बॅटरी थोडी जास्त जाईल, लॅपटॉप असला तर दोन-चार दिवस वापरून ठरवा की टक् परवडतो का चार्जर.