ज्वालामुखीचा अभ्यास, पण डोंगरावर न चढता

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. उपग्रहातून ज्वालामुखींचा अभ्यास करायचा म्हणते. यात नोकरी असते का? आणि जिवाला धोका किती? – एक आई

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पत्रभर काळजी त्याचीच आहे. घट्ट, चिकट लाव्हा वाहून जात नाही, तोंडाशीच साचून त्याचा घुमट चढत जातो. तो कोसळला की तापलेली राख आणि वायू यांचा लोट उतारावरून खाली येतो. म्हणून घुमट किती वेगाने वाढतोय ते कळावं लागतं, आणि ते आता अवकाशातून कळतं. २०१० मध्ये इंडोनेशियातला मेरापी ढगाआड होता. रडार उपग्रहांना मात्र ढगांची अडचण नसते. त्यांच्या चित्रांत घुमट सेकंदाला सुमारे २५ घनमीटर या वेगाने वाढताना दिसला. धोक्याचा पट्टा २० किलोमीटरपर्यंत वाढवला, लोक हलवले, आणि ५ नोव्हेंबरला मोठा उद्रेक झाला. साडेतीनशेहून जास्त माणसं तरीही गेली, पण १० ते २० हजार जीव वाचले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हे काम स्क्रीनसमोर बसून झालं.

नोकरीचं खरं सांगते. निव्वळ ज्वालामुखींच्या जागा मोजक्याच असतात. पण रडारचा डेटा हाताळता आला, तर दरडी, खचणारी जमीन, पूर, हिमनद्या अशी कामं पुष्कळ आहेत. म्हणून पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्यावं, भूशास्त्र पुढे जोडता येतं. माझं मत ठाम आहे, गणित सोडू देऊ नका. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आतापासून शिकली तर उत्तम.

आवड खरी आहे का, ते घरीच तपासता येईल. सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाची चित्रं आणि ती उघडायचं ‘स्नॅप’ हे सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट मिळतात. रशियातल्या कामचाट्काच्या शिवेलुच ज्वालामुखीचा घुमट एप्रिल २०२३ मध्ये बराचसा उडाला. त्याच्या आधीची आणि नंतरची, दर १२ दिवसांची चित्रं तिने शेजारी शेजारी लावावीत. सुरुवातीला टीव्हीवर मुंग्या आल्यासारखं करडं काहीतरी दिसेल. मग डोळा बसतो. उपग्रहाकडची बाजू उजळ, मागे काळी सावली, आणि सावलीच्या लांबीवरून उंचीचा अंदाज.

प्रत्येक चित्राखाली तारीख आणि काय बदललं ते वहीत लिहायला सांगा. दोन महिन्यांनी वही घेऊन तिच्याजवळ बसा. सावली कुठल्या तारखेला बदलली, हे तिने बोट ठेवून दाखवलं तर बिनधास्त प्रवेशाचा फॉर्म भरा.