सॉफ्टवेअर बंद पडलेल्या जुन्या मल्टिमीडिया फाईल्स कशा उघडायच्या?

तुम्ही विचारलंय की २००० सालाच्या आगेमागे केलेल्या काही सीड्या घरात आहेत, त्यांवर .आरएम, .एमओव्ही आणि .डीसीआर अशा फाईल्स आहेत आणि ज्यात त्या बनवल्या ती सॉफ्टवेअर आता मिळत नाहीत. इथवर ठीक. पण पुढे लिहिलंय, "एखादा चांगला कन्व्हर्टर सांगा, सगळं एमपी४ करून जुनं काढून टाकायचंय." या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले आहे. हेच वाक्य मी एका बैठकीत ऐकलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं तेही पाहिलं आहे.

सोपं आधी संपवते. .आरएम, म्हणजे रिअलव्हिडिओच्या फाईल्ससाठी काहीच शोधू नका, व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडा. रिअलव्हिडिओ आणि त्यातले आवाजाचे बहुतेक प्रकार व्हीएलसीच्या पोटात असलेल्या एफएफएमपेग या मुक्त साधनाला कधीपासून वाचता येतात. ॲपलच्या क्विकटाइमच्या .एमओव्हीचंही बहुतेक वेळा तसंच. आत सिनेपॅक असो, सोरेन्सन असो की इंडिओ, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी हे सगळे कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून बसवायच्या पद्धती, उलगडून ठेवले आहेत. जुनं क्विकटाइम शोधून विंडोजवर टाकायच्या फंदात पडू नका. ॲपलने विंडोजसाठीच्या क्विकटाइमची देखभाल २०१६ मध्ये सोडली आणि त्यात सुरक्षेची उघडी भगदाडं राहिल्यामुळे अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते काढून टाकायचा सल्ला दिला होता. फाईल नेमकी काय आहे कळत नसेल तर मीडियाइन्फो या फाईलची माहिती सांगणाऱ्या मोफत साधनात टाकून बघा. एक्स्टेंशनवर विश्वास ठेवू नका, लोकांनी वाटेल तशी नावं बदललेली असतात.

आता .डीसीआर. ही शॉकवेव्हची फाईल, म्हणजे डायरेक्टर या मल्टिमीडिया बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम वेबसाठी दाबून बसवलेलं. अडोबीने डायरेक्टरची विक्री फेब्रुवारी २०१७ मध्ये थांबवली आणि विंडोजवरचा शॉकवेव्ह प्लेअर एप्रिल २०१९ मध्ये बंद केला. हा व्हिडिओ नाही. आत चित्रं आहेत, आवाज आहेत, कोणती गोष्ट कधी पडद्यावर येणार याचा तक्ता आहे आणि डायरेक्टरच्या लिंगो भाषेतला कोड आहे. तो प्रोग्रॅम आहे. त्याचा एमपी४ करून देतो म्हणणारा कन्व्हर्टर फार तर पडद्याचं रेकॉर्डिंग करतो. ज्याला पेटी हवी आहे त्याला पेटीवादनाची ध्वनिफीत देऊन भागत नाही.

मी हे इतक्या जोरात का सांगते आहे ते कळावं म्हणून आमच्या प्रकल्पाची गोष्ट सांगते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही काही जणांनी हृदयाचं कार्य शिकवणारी एक सीडी केली होती. एक चित्रकार, निवेदन करणारे एक डॉक्टर, आणि लिंगोचा सगळा कोड माझा. पडद्यावर हृदयाचा उभा छेद, अलिंद, निलय, चार झडपा. खाली एक स्लायडर. तो सरकवला की मिनिटाला पडणारे ठोके बदलायचे. यात नुसता ॲनिमेशनचा वेग वाढवला असता तर ते खोटं ठरलं असतं. ठोके वाढतात तेव्हा आकुंचनाचा काळ थोडाच कमी होतो, शिथिल होऊन निलय भरण्याचा काळ मात्र बराच आखडतो. म्हणून दोन्ही टप्प्यांचं प्रमाण कोडमध्ये वेगवेगळं बदलत होतं. पहिला ध्वनी अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटताना, दुसरा महाधमनी आणि फुफ्फुसधमनीच्या झडपा मिटताना. स्लायडर कुठेही असो, आवाज झडपेला चिकटूनच वाजला पाहिजे, यासाठी मी फार खपले होते. विद्यार्थी स्लायडर वर नेत आणि निलय अर्धवट भरलेलं असतानाच पुढचं आकुंचन सुरू होताना बघत. पुस्तकातला एक अवघड परिच्छेद त्यांना हाताने कळायचा. मला त्या कामाचा आजही अभिमान आहे.

पुढे काही वर्षांनी संगणक बदलले आणि सीडी चालेनाशी झाली. सीडीवरचा प्रोजेक्टर, म्हणजे डायरेक्टरने बनवलेला चालणारा प्रोग्रॅम, १६-बिट होता, कारण तो विंडोज ३.१ वरही चालला पाहिजे अशी तेव्हाची अट होती, आणि ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही. प्रकल्पाची जबाबदारी तेव्हा ज्यांच्याकडे होती त्या गृहस्थांनी बैठकीत सांगितलं की जुन्या संगणकावर एकदा चालवून पडद्याचं रेकॉर्डिंग करू, एमपी४ करू, सीडीवरच्या फाईल्स हार्डडिस्कवर ओढून घेऊ आणि सीड्या निकालात काढू. मी विरोध केला. त्यांचं उत्तर होतं, "दिसतंय ना? ऐकू येतंय ना? मग आणखी काय पाहिजे?"

रेकॉर्डिंग झालं ते ७२ ठोक्यांवर. स्लायडर चित्रात दिसत होता, हलवायला कुणालाच येत नव्हता. शिवाय मूळ काम ६४० बाय ४८० मध्ये, २५६ रंगांत, आणि रक्तवाहिन्या एक-दोन पिक्सेल जाडीच्या लाल-निळ्या रेघांनी काढलेल्या. नेहमीच्या एमपी४ मध्ये रंगाची माहिती उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना निम्मी करून साठवतात. चेहरे आणि निसर्गदृश्यं यांत ते डोळ्याला जाणवत नाही, पण बारीक लाल रेघ पसरून मळकट होते. शुद्ध आणि अशुद्ध रक्त वेगळं दिसावं म्हणून चित्रकाराने जे केलं होतं तेच पुसलं गेलं. आणि तरी "दिसतंय ना?"

नंतर शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी ती सीडी मागितली. त्यांना स्लायडरच हवा होता. हार्डडिस्कवर ओढून घेतलेल्या फाईल्स काढल्या तर निम्म्या .एमओव्ही उघडेनात. व्हीएलसी गप्प, मीडियाइन्फोला आकार दिसतो पण आत काय ते सांगता येत नाही. सगळ्यांनी फाईल खराब झाली म्हणून सोडून दिली. फाईल खराब झालेली नव्हती, ती अर्धी आली होती. जुन्या मॅकवर एका फाईलचे दोन भाग असत, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. त्या काळच्या क्विकटाइम फाईलमध्ये चित्र-आवाज डेटा फोर्कमध्ये, पण कोणती फ्रेम कुठे आहे आणि कोणत्या कोडेकमध्ये आहे याची अनुक्रमणिका बऱ्याचदा रिसोर्स फोर्कमध्ये असायची. विंडोजवर ओढली की रिसोर्स फोर्क गळून पडतो, आणि कुणाला एका शब्दाने सूचना मिळत नाही. तुमची एखादी .एमओव्ही मोठी असूनही उघडत नसेल तर पहिला संशय यावर घ्या.

माझ्याकडे एक सीडी राहिली होती, आणि तिची मी जीएनयू डीडीरेस्क्यू या साधनाने सेक्टर न् सेक्टर इमेज काढून ठेवली होती. फाईल्सची नक्कल नव्हे, अख्ख्या चकतीची. ती सीडी हायब्रिड होती: एकाच चकतीवर विंडोजला दिसणारा आयएसओ ९६६० चा भाग आणि मॅकचा एचएफएसचा भाग. विंडोजवर सीडी घातली की पहिलाच दिसतो, दुसरा आहे याचा पत्ताही लागत नाही. एचएफएसएक्सप्लोरर या मॅकचा भाग वाचणाऱ्या साधनात इमेज उघडली आणि तिथे सगळं होतं. दोन्ही फोर्क शाबूत असलेल्या .एमओव्ही, डॉक्टरांच्या निवेदनाच्या २२.०५ किलोहर्ट्झच्या मूळ फाईल्स, आणि कुलूप न लावलेल्या .डीआयआर, म्हणजे डायरेक्टरच्या मूळ, फाईल्स माझ्या टिपांसकट. .एमओव्ही मी बॅसिलिस्क २ या जुन्या मॅकची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरमध्ये उघडून स्वयंपूर्ण आणि मॅकबाहेरही चालणारी फाईल हा पर्याय निवडून पुन्हा जतन केल्या, म्हणजे अनुक्रमणिका मुख्य भागात आली. मूळ सीडी चालवली ८६बॉक्स या जुन्या पीसीच्या इम्युलेटरमध्ये, विंडोज ९८ घालून. डिस्प्ले २५६ रंगांवर ठेवावा लागला, नाहीतर रंग भलतेच येत होते. क्विकटाइमही त्याच सीडीबरोबर आलेलं टाकलं, नंतरचं नव्हे. देवनागरी मजकुराचा प्रश्न वेगळाच निघाला. तेव्हाचे आपले फॉन्ट युनिकोड नव्हते, त्यामुळे फॉन्ट नसला की "निलय"च्या जागी रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. तो फॉन्टही इमेजमध्ये होता म्हणून वाचलो. तुम्हाला कुठे असा चिखल दिसला तर फाईलला दोष देऊ नका, फॉन्ट शोधा.

बाईंनी स्लायडर वर नेला आणि झडपांचे आवाज जिथे वाजायला हवेत तिथेच वाजले.

त्या बैठकीत एक मुद्दा जागेचाही निघाला होता, की हे सगळं ठेवायचं कुठे. एक अख्खी सीडी म्हणजे ६५० ते ७०० एमबी. आज फोनवरचे मोजके व्हिडिओ त्याहून जास्त जागा खातात. जागेचं कारण तेव्हाही लंगडं होतं, आज तर ते कारणच नाही. आणि "पुन्हा कोण बघणार आहे?" हा दुसरा मुद्दा. कोण बघणार हे ठरवायचा अधिकार फेकणाऱ्याला कुणी दिला? ज्यांनी ते बनवलं त्यांना विचारायचं असतं, आणि ते हयात नसतील तर आणखी सावधपणे वागायचं असतं. आमचा चित्रकार आज नाही. त्याच्या रेघा त्याच्या रंगांत फक्त त्या इमेजमध्ये आहेत.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा. कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक सीडीची पूर्ण इमेज काढा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. लिहिता येणाऱ्या सीड्यांचा रंगथर वर्षांगणिक उतरत जातो, त्यामुळे हे काम लांबवू नका. मग .डीसीआरकडे वळा. प्रोजेक्टररेज नावाचं मुक्त साधन .डीसीआर आणि कुलूपबंद .डीएक्सआर उघडून त्यातला लिंगो कोड वाचण्याजोगा करून देतं. खूप जुन्या डायरेक्टरचं काम असेल तर स्कमव्हीएम या जुने खेळ चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्याचं इंजिन आहे, पण तिथे सगळंच चालेल असं नाही. सीडीवर कुठे .एसडब्ल्यूएफ निघाल्या तर त्या फ्लॅशच्या. फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणंच बंद झालं, पण रफल नावाचा इम्युलेटर आहे आणि फ्लॅशच्या भाषेच्या, म्हणजे ॲक्शनस्क्रिप्टच्या, जुन्या आवृत्त्यांतल्या फाईल्स तो चांगल्या चालवतो. ॲक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये अजून अडखळतो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. एमपी४ला माझा सरसकट विरोध नाही. जे मुळातच नुसतं बघायचं आहे त्याची रोजच्या वापरासाठी एमपी४ प्रत जरूर करा, मीही करते. चालणाऱ्या कामाचं रेकॉर्डिंगही ठेवावं, ते कसं दिसायचं याचा पुरावा म्हणून. फक्त मूळ फाईल तिच्या शेजारी राहिली पाहिजे, आणि जपायचं रेकॉर्डिंग एफएफव्ही१ या कोडेकमध्ये, मॅट्रोस्का (.एमकेव्ही) फाईलमध्ये करा. त्यात गुणवत्ता घटत नाही, आणि २०२१ पासून आरएफसी ९०४३ या जाहीर दस्तऐवजात त्याचं वर्णन सर्वांना खुलं आहे, म्हणजे कुठल्या एका कंपनीच्या मर्जीवर ते अवलंबून नाही. .आरएम किंवा विंडोज मीडियाची फाईल विकत घेतलेली आणि परवान्याने बांधलेली असेल तर वरचं काही लागू पडणार नाही, परवाना हरवला की ती सहसा उघडत नाही. इम्युलेटरमधल्या जुन्या विंडोजला इंटरनेट जोडू नका. काम दुसऱ्याचं असेल तर उघडून बघणं वेगळं आणि सगळ्यांना वाटणं वेगळं. आणि फाईल चढवा, बदलून देतो म्हणणाऱ्या साइट्सना घरचे व्हिडिओ देऊ नका.

.डीसीआरमध्ये त्रिमितीय दृश्यं असतील, म्हणजे ते २००१ मधल्या डायरेक्टर ८.५ किंवा त्यानंतरचं काम असेल, तर प्रोजेक्टररेजने कोड मिळेल पण दृश्य दिसणार नाही. तिथे ३२-बिट विंडोज एक्सपीचं व्हर्च्युअल मशीन (म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक), त्यात त्या काळचा शॉकवेव्ह प्लेअर, हा आज चालणारा एक मार्ग. आणि शॉकवेव्हचा इन्स्टॉलर बाहेर शोधण्याआधी तुमच्याच सीडीवर बघा, तेव्हा तो बरोबर द्यायची पद्धत होती.